एक दोर, एक बादली

विहिरीत बादली सोडण्याआधी ती बादलीच्या बुडावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायची. खणखणीत आवाज आला की म्हणायची, "बोलते अजून." मग दोर समोरच्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "जमते त घे."

हे "जमते त" तिचं सगळ्यालाच असायचं. जावयाच्या भातावर वरण वाढताना, "जमते त खा." मी मलेरियाच्या गोळ्या दिल्या तर मलाच, "जमलं त घेईन जी." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई किती नरम आहे, सगळं समोरच्यावर सोडते. तुम्ही तिला पाहिलं असतं तर तुम्हीही असेच फसला असता. कसलं सोडते, बाप्पा! मी म्हणते तसं जमत असेल तर घे, नसेल जमत तर चालायला लाग, एवढा त्याचा अर्थ होता. हे समजायला मला एक वादळ लागलं.

मी तेव्हा आरोग्य खात्यात होतो. फार वर नव्हतो. सायकल, खांद्याला पिशवी, आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूने तारीख लिहायची, तो मलेरियावाला. पवनीच्या खालच्या अंगाला वैनगंगेच्या थडीने जी गावं आहेत, ती माझ्याकडे होती. तिचं गाव त्यातलंच एक. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि भांडायला पवनीपर्यंत येतात.

पहिल्यांदा तिच्या बोटाला सुई टोचली तेव्हा ती काचेवरच्या थेंबाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "रक्त नेता जी, पन हे कोनाचं अन् ते कोनाचं, हे मंग काचंवर समजते का?"

"नाही मावशी. काचेवर सारं एकसारखंच दिसते."

"मंग हे खाली मालगुजाराच्या घरीबी सांगून द्या ना," ती म्हणाली. "जमते त."

मी काही ते सांगितलं नाही. नोकरी करायची होती. पण तेव्हापासून मी तिला मावशी म्हणायला लागलो, आणि त्या गावात गेलो की तिच्याच अंगणात सायकल टेकवायला लागलो. तिथलं पाणीही प्यायचो. हे खालच्या गावाला कळल्यावर काही घरांतून मला चहा यायचा बंद झाला. चहा तसाही वाईट असायचा.

गाव दोन भागांत होतं. नदीजवळ खालचं गाव, त्यात मालगुजाराचं, म्हणजे जुन्या जमीनदाराचं, घर, देऊळ, बेलाचं झाड आणि दगडी कठड्याची मोठी विहीर. आणि वर मुरमाच्या टेकाडावर बौद्धांची वस्ती. या लोकांनी धर्म बदलला तेव्हा खालच्या विहिरीकडे जायची वाटच त्यांना बंद झाली. तसं आधीही विहिरीला हात लावू देत नसतच. कोणीतरी वरून ओतायचं, तेवढंच मिळायचं. मग वस्तीतल्या लोकांनी त्या टेकाडावर स्वतःची विहीर खणायला घेतली. मुरूम संपला, खडक लागला, पाणी लागेना. खालचे लोक हसायचे. मावशीचा मुलगा तेव्हा तिच्या पोटात होता, आणि ती त्या खड्ड्यातून दगडाची टोपली वर ओढत होती. हे ती मला सांगायची तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसायची. उलट जरा फुशारकीच असायची. "पोट्ट्यानं पोटातूनच हीर पाह्यली," म्हणायची. तो पोट्टा मोठा होऊन जवाहरनगरला फॅक्टरीत लागला होता.

त्या विहिरीचा एक कायदा होता आणि तो तिनेच केलेला होता. एक दोर, एक बादली. खालच्या गावात प्रत्येक घराचा दोर वेगळा, बादली वेगळी. बाया दोराची वेटोळी खांद्यावर घेऊन विहिरीवर जायच्या आणि आपली बादली दुसरीच्या बादलीला लागली तर घरी येऊन घासायच्या. वरच्या विहिरीवर असलं काही नाही. विहिरीची म्हणून एकच बादली, तिला बांधलेला एकच दोर, आणि ती बादली सांजेला मावशीच्या घरी उलटी घालून ठेवलेली. मी तिला म्हटलं, हे आमच्या खात्याला पसंत पडेल, बादल्या कमी तर घाण कमी. ती म्हणाली, "तुमच्या खात्यासाठी नाही केलं जी."

आता वादळाकडे येतो.

आणीबाणी उठून गेल्यानंतरचा काळ. अश्विन लागला होता, धान निसवलं होतं, लोंब्या दुधात होत्या. बंगालच्या खाडीत काही बिनसलं की त्याची शेपटी आमच्या झाडीपट्टीपर्यंत येते, हे आम्ही रेडिओवर ऐकत आलो होतो. समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. शेपटी म्हणजे दोन दिवसांची झड, असंच आम्ही धरून चालायचो.

मी त्या दिवशी वस्तीतच होतो. दुपारी पूर्वेकडून वारा सुटला आणि अर्ध्या तासात बोललेलं ऐकू येईना. आधी छपरावरचे कवेलू खडखडले. मग ते एकेक करून उठायला लागले. मावशीची लेक नुकती बाळंत झालेली, बारकं लेकरू कुशीत. मावशीने दोघांना खाटेखाली ढकललं, खाटेवर गोधड्या टाकल्या आणि मला म्हणाली, "खाट धरून बसा जी." मी धरली. वरून छपराचा अर्धा भाग गेला तेव्हा मी डोळे मिटले. भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू.

डोळे उघडले तर मावशी घरात नाही. दारातून पाहिलं तर ती त्या वाऱ्यात वाकून, जवळजवळ रांगत, विहिरीकडे चाललेली. मी ओरडलो. लेक खाटेखालून ओरडली. ती परत आली ती कमरेला दोर गुंडाळून आणि बादली पोटाशी धरून. कपाळावर कवेलूचा तुकडा लागून रक्त येत होतं.

"जीव जाईन ना मावशी," मी म्हटलं. "बादलीसाठी?"

"घर पुन्हा उभं करता येते," ती म्हणाली. "दोर उडून गेला त उद्या पानी कायनं काढू?"

उद्याचं पाणी. मला तेव्हा वाटलं, बाईला मार लागून भ्रम झाला. चारी बाजूंनी पाणी कोसळतंय आणि हिला उद्याच्या पाण्याची पडली आहे.

वारा पडला आणि नदी चढली. खालचं गाव घरं सोडून टेकाडावर आलं. शाळेचे पत्रे उडून धानाच्या बांधीत भाजल्या पापडासारखे वळून पडले होते. गुरं वाहून गेली, काही झाडांत अडकली. दोन दिवसांनी पूर ओसरला तेव्हा खाली सगळीकडे बोटभर चिखल होता आणि वास असा की तोंडाला फडकं लावल्याशिवाय चालता येईना. खालच्या मोठ्या विहिरीत मेलेलं वासरू तरंगत होतं. छोट्या विहिरींत तर काय काय होतं, ते जेवणाऱ्या माणसाने वाचू नये. तहानेने कासावीस झालेल्यांनी नदीचंच पाणी गाळून प्यायलं. त्यातून हगवण आणि वांत्या सुरू झाल्या. एक म्हातारा गेला. नदीवर मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातली एक मोठी पोरगी गेली. पटकी हा शब्द वरचे साहेब लिहू देत नसत, पण शब्द न लिहिल्याने माणूस मरायचा थांबत नाही.

सगळ्या पंचक्रोशीत पिण्यासारखं पाणी आता एकाच ठिकाणी होतं. त्या मुरमाच्या टेकाडावर, जिथे खालच्या लोकांनी यांना ढकललं होतं, तिथे पूर पोचलाच नव्हता.

मग एका सकाळी खालचं गाव विहिरीशी आलं. आलं म्हणजे अंतर राखून उभं राहिलं. बायांच्या खांद्यावर दोराची वेटोळी, हातात आपापल्या बादल्या. घरं पडली, निम्मी भांडी वाहून गेली, पण दोर आणि बादल्या बरोबर वाचवून आणल्या होत्या. मावशी विहिरीच्या काठावर बसलेली, कपाळाला हळदीचं फडकं बांधलेलं.

मालगुजार पुढे आला. मालगुजारी जाऊन जमाना झाला होता, नाव तेवढं चिकटलेलं. पन्नाशीचा, तसा सभ्य माणूस. म्हणाला, "बाई, आमी आमच्याच बादलीनं घेतो. तुमच्या दोराले हात लावत नाही."

"लावा लागते जी भाऊ," ती म्हणाली. "या हिरीत एकच बादली उतरते. आपापल्या घरी ठेवा."

"आतासारख्या वेळी काहून अडून राहिली बाई?"

"मी कोठी अडून राहिली? हा दोर हाये, ही बादली हाये." तिने बादली ठोकली. "बोलते अजून. जमते त घ्या."

कोणी हललं नाही. लेकरं रडत होती. मी मध्ये पडून सरकारी आवाजात सांगितलं की रोगराई आहे, दहा घरच्या दहा बादल्या उतरल्या तर ही विहीरही नासेल, खात्याचा हुकूम आहे. हुकूम वगैरे काही नव्हता. पण गोष्ट खरी होती. तरी लोक एकमेकांकडे पाहत राहिले. 

मग ज्या ढिवराच्या बाईची पोरगी गेली होती ती पुढे आली. काखेत दुसरं लेकरू, त्याचे ओठ फुटलेले. तिने आपली बादली बाजूला फेकली, मावशीच्या हातातून दोर घेतला आणि सोडली बादली. लेकरू तिथेच ओंजळीने पाणी प्यायलं. तिच्या मागून एक आली, मग आणखी एक. दुपारपर्यंत वरचं गाव आणि खालचं गाव एका ओळीत उभं होतं.

आता सगळे एकदम शहाणे झाले असं समजू नका. बाया वरून पाणी नेत आणि घरी जाऊन गुंडात, म्हणजे पाण्याच्या पितळी घागरीत, तुळशीचं पान टाकत, कोणी गोमूत्र शिंपडत. मावशीला सगळं माहीत होतं. ती ओळीतल्या बायांना मोठ्यानेच सांगायची, "घरी जाऊन आपल्या गुंडात काय पाह्यजे ते टाका वो. हिरीत काही टाकू नोका."

बाया खाली मान घालून हसायच्या. मीही हसलो होतो.

खालच्या गावात एकच माणूस वरचं पाणी प्यायला तयार नव्हतं. मालगुजाराची आई. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. सत्तरीच्या पुढची, सोवळ्याची. घरात उरलेल्या थोड्याशा दुधावर तिने एक-दोन दिवस काढले. पण गायच वाहून गेलेली, दुधाचं काय घेऊन बसलात! तिचे डोळे आत गेले, जीभ कोरडी पडली. मी जाऊन पाहिलं आणि मालगुजाराला सांगितलं, हिला पाणी पाजा, नाहीतर दोन दिवसांत काही खरं नाही. तो माझ्यासमोर तिच्या पाया पडला. म्हातारी म्हणाली, "हिरीत गंगा पडन, त पिईन."

गंगा म्हणजे त्यांची वैनगंगा. मी ऐकलं आणि निघालो. मला वाटलं, म्हातारीने नाही म्हणायची एक रीत काढली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मावशी लेकीला शेक द्यायला घरी गेली होती. विहिरीवर ओळ तुटलेली, ऊन तापलेलं. ती परत आली, बादली ठोकली, सोडली, वर ओढली. बादलीत बेलाचं पान तरंगत होतं.

तिने ते पान बोटाने उचललं. आजूबाजूला पाहिलं. टेकाडावर बेल नव्हता. बेल एकच, खाली देवळापाशी, वादळातून वाचलेला. तिने बादली तशीच खाली ठेवली आणि मला हाक मारली.

माणसं जमायला वेळ लागला नाही. ढिवराच्या बाईने सांगितलं की सकाळी तिने मालगुजाराला नदीवर तांब्याच्या कलशात पाणी भरताना पाहिलं. मालगुजार तिथेच उभा होता. त्याचा चेहरा पांढरा झाला. "गंगाजल होतं," तो म्हणाला. "पूजा करून टाकलं. आईसाठी. तिनं प्यावं म्हनून."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे पुराचंच पानी ना जी?"

"पुराचंच," मी म्हटलं. अजून ढोरं वाहत होती त्या नदीत.

"तुमची पावडर टाकली त होईन साफ?"

माझ्याकडे नदीवरून डोंग्यातून, छोट्या नावेतून, आलेलं ब्लिचिंग पावडरचं पोतं होतं. येताना पावसात भिजलेलं, ढेकळं झालेली, वास उडून गेलेला. वास गेलेली पावडर म्हणजे चुन्याची भुकटी. मी खरं ते सांगितलं. मला शाश्वती देता येत नव्हती.

मग जे झालं ते पाहून मला वाटलं, आता पटकीची गरज नाही, इथेच माणसं मरतील. मावशीचा पुतण्या आणि त्याच्याबरोबरची पोरं काठ्या घेऊन विहिरीभोवती उभी राहिली. खालचा एकही माणूस आता वर चढायचा नाही, म्हणाले. खालच्यांतले काही ओरडले, कलशभर पाण्याने काय होते, गंगाच आहे. मालगुजाराचे गडी पुढे सरसावले. मालगुजार मधे उभा, हात जोडून की नुसते धरून, तेही कळत नव्हतं.

मावशी उठली आणि घरात गेली. बाहेर आली ती डोक्यावर भरलेला गुंड घेऊन. तिच्या बाळंतीण लेकीसाठी नुकताच भरलेला. तो तिने सगळ्यांदेखत जमिनीवर ओतला. पाणी मुरमात जिरून गेलं.

"दुपारपासून जेनं जेनं नेलं, तेनं ओता," ती म्हणाली. "अन् हीर उपसा लागते."

पुतण्या म्हणाला, "उपसू ना आपुन. पन मंग आपल्यासाठी. याहीले कायले द्याचं? याहीनं आपल्याले देल्लं होतं का?"

"नाही देल्लं," ती म्हणाली. "म्हनूनच त खंदली. आता आपुनबी नाही देल्लं त मंग एवढा गोटा कायले फोडला बाप्पा? याहीच्यासारखं होयासाठी?"

पुतण्याने काठी खाली केली नाही. मग ती मालगुजाराकडे वळली. मला वाटलं आता ऐकवते. मनातून मला ते ऐकायचंही होतं. ती फक्त म्हणाली, "भाऊ, तुमी टाकलं, तुमी उपसा. अन् जाऊन सांगा खाली, सारे दोर अन् साऱ्या बादल्या घेऊन या म्हना. आता एका बादलीचं काम नाही."

ज्या बादल्या तिने घरी ठेवायला लावल्या होत्या, त्या सगळ्या आता वर आल्या. विहिरीच्या चारी बाजूंनी दोर सुटले. आधी गोंधळच गोंधळ. दोर एकमेकांत अडकले, बादल्यांवर बादल्या आपटल्या, कोणाची बादली कोणाच्या दोराला बांधली गेली. एक बाई आपली बादली शोधत होती तर मावशी तिला म्हणाली, "जे हाताले लागन ते ओढ वो." पोरांनी काठ्या टाकल्या आणि दोर धरले. कोणी त्यांना सांगितलं नाही. काठी हातात असताना दोर ओढता येत नाही, एवढंच.

सगळ्यात वाईट हाल मालगुजाराचे. त्या माणसाने आयुष्यात पाणी शेंदलं नव्हतं. दोर हातातून सटकायचा, तळवे सोलून निघाले. गडी म्हणाला, मालक, मी ओढतो. मावशी नुसती पाहत होती. तो म्हणाला, "नाही, मीच ओढतो." आणि ओढत राहिला. घशाला कोरड पडलेली माणसं बादल्या भरभरून पाणी टेकाडाखाली ओतत होती आणि त्यातला एक थेंबही पिता येत नव्हता. इतकी चीड मला कधी आली नाही. कोणावर, ते मात्र सांगता येत नव्हतं. मावशीची लेक दारात बसून जिभेने ओठ ओले करत होती. लेकरू रडून दमलं होतं. मावशी तिकडे एकदाच पाहायची आणि पुन्हा दोर धरायची.

ऊन उतरता उतरता तळ दिसला. पुतण्या आत उतरला, खडक घासून काढला, माझ्या पोत्यातल्या पावडरीने का होईना, धुऊन काढला. मग वाट पाहायची. झरे होते, ते फुटत होते, पण हळू. मालगुजार तेवढा आईला पाहायला घरी जाऊन आला, बाकी कोणी घरी गेलं नाही. घरं तरी धड कुठे होती.

सकाळी पहिली बादली वर आली. स्वच्छ. मी नाकाशी धरून पाहिलं, डोळ्यांशी धरून पाहिलं आणि मान हलवली.

तेवढ्यात खालच्या वाटेने मोठ्या बाई येताना दिसल्या. सुनेच्या खांद्यावर भार टाकून, दहा पावलं चालून थांबत. मुलगा घरी गेला तेव्हा त्याच्या हातांच्या चिंध्या पाहून तिने विचारलं होतं. सुनेने सगळं सांगितलं होतं. म्हातारी फक्त म्हणाली, मले वर घेऊन चाल.

ती विहिरीशी येऊन खाली बसली. सगळी माणसं मागे सरली. मावशी बादली घेऊन तिच्यासमोर गेली.

म्हातारीने ओंजळ पुढे केली. दोन्ही हात जोडून, खाली वाकून, वरून पाणी पडेल म्हणून तोंडापाशी धरलेली ओंजळ. तिच्या घराने वर्षानुवर्षे मावशीच्या माणसांना पाणी दिलं ते तसंच. वरून, भांडं लागू न देता. शिवायचं नाही तर पाणी असंच घ्यायचं, दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती.  वस्तीतली म्हातारी माणसं टक लावून पाहत होती. त्यांच्यातल्या कितीकांनी खाली तशीच ओंजळ धरली असेल.

मावशीने बादली कलती केली नाही.  मग तिने सुनेच्या हातातला लोटा घेतला, बादलीत बुडवला, म्हातारीची ओंजळ सोडवली आणि लोटा तिच्या हातात दिला.

"ओंजळ नोका करू बाई," ती म्हणाली. "दुखते पाठ."

म्हातारीने लोटा दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ नुसता धरला. मग डोळे मिटून प्यायली, सगळा. मी तेव्हा रडलो. मलेरियावाल्याने रडू नये असा काही नियम नाही.

पुढे गाव सुधारलं, असं मी लिहिणार नाही. खालच्या विहिरी उपसल्या, सरकारने पत्रे वाटले, पुढच्या वर्षीपर्यंत खालची माणसं आपापले दोर खांद्यावर टाकून आपापल्या विहिरीवर जायला लागली. मी चिडून मावशीला म्हटलं, "पाहा, गेले सारे." ती म्हणाली, "नाही जमलं तेहीले. तुमी काहून तोंड पाडता जी?"

फक्त एक गुंड रोज सकाळी वर यायचा. मालगुजाराच्या घरचा. मोठ्या बाईंनी घरात सांगून ठेवलं होतं की वरचं पाणी पचायला हलकं असतं, खालच्याने त्यांचं पोट जड होतं. हे कारण ऐकून मावशीला इतकं हसू यायचं की पदर तोंडाला लावावा लागायचा. "मुरमाचं पानी अन् हलकं," म्हणायची. पण त्या गुंडासाठी ती बादली अगदी काठोकाठ भरून द्यायची.

नंतर माझी बदली झाली. मावशीला मुलाने जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये नेलं. मी एकदा भेटायला गेलो. घरात नळ होता. ती मोरीत बसून प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी भरत होती. मला पाहून हसली, बादलीच्या बुडावर ठोकलं, आणि म्हणाली, "हे बोलतच नाही जी. काय भरवसा याचा?" मी दिलेला चिवडा तिने बाजूला ठेवला. जमलं तर खाईन, म्हणाली. ती तेव्हाच थकली होती. त्याच हिवाळ्यात गेली. मला कळलं ते उशिरा, बसमध्ये, तिच्या पुतण्याकडून. सगळा रस्ता मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

काही दिवसांनी मी मुद्दाम त्या गावाला गेलो. वस्तीत आता निम्म्या घरांवर पत्रे होते. विहीर तशीच. लाकडी खांबाला दोर गुंडाळलेला, बादली उलटी घातलेली. जवळ एक बाई पितळी गुंड घेऊन थांबली होती, खालच्या गावातली, मालगुजाराची धाकटी सून. मोठ्या बाई जाऊन दोन वर्षं झाली होती, मग हा गुंड कोणासाठी, असं माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही. मला तहान लागली होती. मी बादली उचलली आणि सोडायला गेलो.

"थांबा ना जी," ती बाई म्हणाली. "पयले ठोकून पाहा. बादली एकच हाये."

मी ठोकून पाहिली. आणि मग सोडली.